यांच्या दाढीची व्यवस्था

मी, सौ. शांती काळूराम मढवी, वय एकसष्ट, शिक्षण सातवी, मूळ गाव गव्हाण, सध्या राहणार पनवेल, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळजाचं तसं सांगता येत नाही, त्याची एक झडप निकामी झाली असून येत्या गुरुवारी मुंबईत ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. घाबरले नाही असं लिहिलं तर पहिल्याच पानावर खोटं पडेल. मात्र मला कोणी धाक घातलेला नाही, आणि लिही असं सांगितलेलंही नाही.

कागदात नवऱ्याचं नाव लागतं म्हणून ते एकदा घेतलं. पुढे 'हे' म्हणेन. अडीच वर्षांपूर्वी यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज पूर्ण आहे. माझ्यामागे त्यांचं काय, एवढ्याचसाठी हा कागद आहे. बाकीची वाटणी ओघाने येते.

कलम १. घर. पनवेलची ही दोन खोल्यांची जागा गव्हाणच्या शेताच्या मोबदल्यातून घेतली आणि यांनी ती माझ्या नावावर केली. हे जिवंत आहेत तोवर याच जागेत, खिडकीजवळच्या पलंगावर राहतील. त्यांना कुठल्याही संस्थेत ठेवू नये. कामोठ्याला राहणारा माझा मुलगा प्रणित म्हणतो, "आई, महिनाभर ठेवू, चांगली सोय आहे तिथे. मग बघू." प्रणित, तुझं 'मग बघू' मी तू शाळेत होतास तेव्हापासून ऐकते. तू वाईट नाहीस, पण तुझं मग कधी येत नाही.

कलम २. यांची दाढी रोज सकाळी आठ वाजता व्हावी. वकीलसाहेब म्हणाले, "काकू, अट लिहा, पण ती पाळली की नाही हे कोर्ट कसं तपासणार?" मी म्हटलं, गालावर हात फिरवून. ते हसले. मी हसले नाही. हे मिठागरावर मुकादम होते. चिखलात गुडघाभर उभं राहायचं असलं तरी दाढी घोटूनच घराबाहेर पडत. मजुरांपुढे कसं जायचं ते त्यांनी ठरवलेलं होतं, आणि आता त्यांच्या ठरवण्यात तेवढं एकच उरलं आहे.

आजारपणानंतर पहिले काही महिने तुळशीराम न्हावी घरी येई. तीस वर्षांची ओळख. एके दिवशी लाळ पुसता पुसता तो यांच्या देखत मला म्हणाला, "वहिनी, आता रोज कशाला? महिन्यातून एकदा पुरे. यांना कुठे जायचंय?" यांनी तोंड भिंतीकडे केलं ते संध्याकाळपर्यंत. तुळशीरामला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही, आणि माझ्या दहाव्यालाही त्याला बोलावू नये.

मग प्रणितने विजेवर चालणारं महागडं यंत्र आणलं. ते कानाशी गुणगुणलं की यांचं सगळं अंग दचके. ते यंत्र खोक्यासकट कपाटात आहे, प्रणितने परत न्यावं. शेवटी मी एस.टी. स्टँडजवळच्या एका टपरीवरून दाढीचा स्वस्त संच घेतला. एकशे दहा रुपयांत रेझर, ब्रश, साबणाची डबी, पाच ब्लेड आणि तुरटीचा खडा. टपरीवाल्याने विचारलं, "मुलासाठी का?" मी हो म्हटलं. नवऱ्यासाठी म्हणायची लाज वाटली, ती का वाटली कोण जाणे.

आधी दुधी भोपळ्यावर शिकले. कोवळ्या दुधीला लव असते. त्याला फेस लावला आणि वरून खाली रेझर ओढला. पहिल्यांदा मासळीचे खवले काढतात तसा दाबला, साल निघून आली. चौथ्या दुधीला हात बसला. त्या चारही दुधींची भाजी केली. साबणाचा वास येतो का हे सांगणारं घरात कोणी नव्हतं.

कलम ३. तांब्याचा मोठा हंडा माझी थोरली जाऊ हौसा हिला द्यावा. तो तिचाच आहे. वीस वर्षं मी नाही म्हणत आले. पण याच हौसाने मला यांची दाढी करताना पाहिलं आणि दारातूनच ओरडली, "जित्या घोवाच्या तोंडाला वस्तारा लावतेस? ता काम मेल्यावरचा हाय, शांते!" सगळ्या आळीत बोभाटा केला. त्यानंतर महिनाभर मी दाराला कडी घालूनच रेझर हातात घेई. हंडा द्यावा, पण तो उचलून नेताना तिला मदत करू नये.

कलम ४. हे कलम लिहू की नको, यात दोन दिवस गेले. गेल्या महिन्यात गौरी आल्या त्या दिवसाची गोष्ट. तीन रात्री माझी झोप नव्हती. प्रणित सकाळी येणार होता, त्याचा फोन आला की जमत नाही. मी यांना फेस लावला आणि नवं ब्लेड कागदातून काढलं. ते रेझरात घातलं नाही. तसंच दोन बोटांत धरून यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही. मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, आणि यांनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

मी मोरीत जाऊन बसले. परत आले तेव्हा फेस गालावर वाळला होता. आधी माझं तोंड धुतलं, मग यांचं. त्यांनी मला मुभा दिली की माझी परीक्षा घेतली, हे मला आजही कळलेलं नाही आणि त्यांना विचारता येत नाही. याची मला लाज आहे, भीतीही आहे. पण ही गोष्ट माझ्याबरोबर जळून जाऊ नये, कारण पुढची अट तिच्यातूनच निघते. हे काम एकट्या माणसाच्या हाती देऊ नये. कितीही जीव असला तरी देऊ नये.

कलम ५. म्हणून सोमवार ते शनिवार हे काम माझी सून निशा करील आणि रविवारी प्रणित करील. रविवार चुकवायचा नाही, कामोठे काही विलायतेत नाही. हे गेल्यावर ही जागा निशाच्या एकटीच्या नावे व्हावी. प्रणितला राग येईल, येऊ दे. निशा कामोठ्यात शिकवणी घेते. तिच्या हाताला पाणी लागत नाही, असं मी गावभर सांगत फिरले. ते चुकलं. गेल्या रविवारी मी तिच्या हाती रेझर दिला. हनुवटीखाली कापलं, रक्त आलं. ती मागे सरकली नाही. तुरटी दाबून धरली आणि म्हणाली, "सॉरी बाबा. थांबू की करू?" यांनी मान हलवली, कर. गुरुवारपासून इथेच येऊन राहते, असं ती आपणहून म्हणाली. मी मागितलं नव्हतं.

निशा, उजवा गाल ढिला आहे, तो आतून बोटाने उचलावा लागतो. बोटाला फडकं गुंडाळ, दात लागतात. मिशीला हात लावायचा नाही, ती ते आरशात बघून डाव्या हाताने स्वतः कातरतात. वाकडी कातरली तरी सरळ करू नकोस.

कलम ६. सोन्याच्या दोन बांगड्या आणि टपालातली ठेव यांच्या औषधपाण्याला.

कलम ७. मी परत आले नाही, तर यांना तोंडाने काही सांगू नये. प्रणित, माझ्यासाठी तुझं डोकं आणि मिशी उतरेल. ते तोंड घेऊन एकदम त्यांच्यापुढे उभा राहू नकोस. आधी निशाने आठ वाजता गरम पाणी घेऊन बसावं. एकदोन दिवस ते वाट बघतील. मग त्यांना कळेल. ते भिंतीकडे वळतील. ओढून वळवू नका, समजूत घालू नका, दाढी वाढू द्या. फक्त रोज आठ वाजता पाणी गरम करून त्यांच्याजवळ बसा, ते इकडे वळेपर्यंत.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

ठिकाण : पनवेल
तारीख : १४ ऑक्टोबर २०१२

(सही) शांती काळूराम मढवी

आम्हां दोघांसमोर शांतीबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. (सही) काशिराम जगन भोईर, शेजारी
२. (डाव्या हाताचा अंगठा) सोनाबाई काशिराम भोईर, शेजारीण