तिसरं नाव

वैशाखरे, ता. मुरबाड
२७ डिसेंबर २०२५

वर्षा बाय,

तुला आणि तुझ्या लेकीला प्रभू येशूच्या नावात सलाम. तुझ्या मंगळीमावशीलाही सांग. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत धरतो, पण ऐकते कुठं, लाकडांना रानात जातेच. धाकटा विनोद मुरबाडला एका कारखान्यात लागलाय, रविवारी घरी येतो. वाडीत नळ आलाय. पाणी दिवसाआड येतं, पण येतं.

फोन करता आला असता. तुझा नंबर तुझ्या आईने पेटीच्या झाकणाला आतून लिहून ठेवलाय, आणि मला तो दिसत नाही असं आम्ही दोघं धरून चालतो. पण फोनवर मी दोन शब्द बोललो असतो, खोकलो असतो, मंगळीची तब्येत विचारून ठेवून दिला असता. मी कसा आहे ते मला माहीत आहे. कागदासमोर बसलं की पळता येत नाही.

नाताळ कसा झाला ते सांगतो. तू मंगळीकडे उंबरमाळीला गेलीस तेव्हा मंडळी सात घरांची होती, आता एकवीस घरं झालीत. प्रार्थनाघरात माणसं मावत नाहीत, म्हणून यंदा बाहेर मांडव घातला, हिरवी जाळी टाकून. सकाळी साडेदहाला उपासना सुरू झाली. मागे चुलाणावर भात आणि वालाचं बिरडं शिजत होतं.

मंडळीचा वडील म्हणून वचन सांगायला नेहमीसारखा मीच होतो. दर नाताळाला मी बाळाची नावं सांगतो, ते तुला आठवत असेल. यशया संदेष्ट्याने ते बाळ जन्मायच्या सातशे वर्षं आधी सांगून ठेवलेली नावं. आपल्यात बाळ झाल्यावर बारसं होतं, इथं बारसं आधी झालं आणि बाळ मागून आलं.

अद्भुत मंत्री. मंत्री म्हटलं की लोकांना गाड्यांचा ताफा आठवतो. मी सांगितलं, तसा नाही. मंत्री म्हणजे मसलत देणारा. जातीच्या दाखल्याला तहसीलला गेलो तर कुठल्या खिडकीशी जायचं हे आपल्याला कोण सांगतं? कोणी नाही. हा मंत्री आपल्याबरोबर रांगेत उभा राहतो आणि कानात सांगतो. लोक हसले, माना डोलल्या.

समर्थ देव. आभाळ पेलणारा, आणि निजला परक्याच्या गोठ्यात. बंगल्यात जन्मला असता तर आपल्याला फाटकाशीच अडवलं असतं. गोठ्यात कोणीही जाऊ शकतं.

मग मी शांतीचा अधिपती म्हणालो आणि प्रार्थनेला डोळे मिटले.

"थांब रे म्हादू."

गोजर उठून उभी होती. तुला जन्माच्या वेळी जिने हातावर घेतलं ती गोजर. आता पार वाकलीय, पण आवाज तोच.

"नावं चार हायत. तू तीनच घेतलीस."

"इसरलो आसन, माय. बस तू."

"इसरला नाय तू. नऊ वरसं झाली. मी दर नाताळाला बोटं मोजते, एक बोट उरतंच. मला वाचता येत नाय, पन मोजता येतं. तिसरं नाव घे."

मी विनोदकडे पाहिलं, तो खाली बघत होता. तुझ्या आईकडे पाहायची हिंमत झाली नाही. एकवीस घरांची माणसं माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणालो, "सनातन पिता."

"आन् अर्थ?" गोजर बसायला तयार नव्हती. "बाकीच्यांचा सांगितलास ना? मंग ह्याचा सांग. बाळाला बाप कसा म्हनला?"

वर्षा, इथवर लिहून मी उठलो, पाणी पिऊन आलो. वर मी 'तू मंगळीकडे गेलीस' असं लिहिलंय. नऊ वर्षं मी असंच म्हणत आलो. खोडणार नाही, तुला दिसू दे की मी अजून कसा लिहितो. तू गेली नाहीस. मी तुला घालवलं.

त्या दिवशी तुझ्या आईने मला तुझ्या पोटाचं सांगितलं. रस्त्याच्या कामावरचा तो माणूस काम संपवून निघून गेला होता. तू दारात उभी होतीस, हातात पाण्याचा हंडा होता. मला तू दिसली नाहीस. मला लोक दिसले. आधीच बाटलेले म्हणत होते, आता म्हणतील, बघा यांच्या पोरी. मी म्हणालो, "या घरात तुला जागा नाय." तू हंडा खाली ठेवलास. पाणी सांडलं नाही, ते मला अजून दिसतं.

पुढच्या आठवड्यात नाताळ होता. मी मंडळीपुढे उभा राहून वाचलं, की मरीयेला दिवस गेले होते आणि उतारशाळेत तिला जागा नव्हती. हे मी माझ्या तोंडाने वाचलं. योसेफाबद्दल बोलायचा भाग आला. बाळ आपलं नाही हे माहीत असून ज्याने तिचा हात सोडला नाही, तो योसेफ. मी ते पान उलटलं. आणि तिसऱ्या नावाशी जीभ अडली. तेव्हापासून अडलेलीच होती. दरवर्षी दोन गोष्टी मी गाळत आलो, एक योसेफ आणि एक ते नाव. आणि मला वाटत होतं, कोणाला कळत नाही.

योसेफाला स्वप्नात देवदूताने सांगितलं. मला गोजरने भर मांडवात सांगितलं.

मी लोकांना म्हणालो, "सनातन म्हणजे न संपणारा. लेकराने काय केलं, लोक काय म्हणतील, यानं ज्याचं बापपण संपत नाही तो. तो बाळ होऊन आला खरा, पण आला तो आपल्याला लेकरं म्हणायला, म्हणून त्याला ते नाव. माझं बापपण एका दिवसात संपलं. मी वर्षाला घराबाहेर काढलं, आणि वर तुम्हांला देवाच्या घरात बोलवत राहिलो. मला वडीलपणावरून काढायचं तर काढा. पण आज मी हे नाव गाळणार नाय."

आणि मी ते पुन्हा घेतलं. मोठ्याने. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं.

मला वाटलं, लोक उठून जातील. उठली ती तुझी आई. मंडळीत ती कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. पुढे आली, माझ्याकडे न बघता लोकांकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नातीचं नाव नेहा हाय. आठ वरसांची हाय. माझ्यासारखी डावखुरी हाय. मी दर वरसाला मंगळीकडं जाते म्हनून सांगून तिलाच बघाय जाते. आजपातूर कोनाला सांगाय मिळालं नाय, म्हनून आज सांगते."

वर्षा, त्या मांडवात काय झालं ते मला नीट लिहिता येणार नाही. आधी तुझ्या रंभाकाकीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. ढोलकी वाजायला लागली. बाया पाळण्याचं गाणं म्हणायला लागल्या, आठ वर्षांच्या पोरीसाठी! कोणी म्हणालं, बारशाला घुगऱ्या पाहिजेत, तर चुलाणावरच्या बिरड्यातूनच वाल काढून, पानावर घालून सगळ्यांच्या हातावर ठेवले. विनोद रडत होता आणि नाचतही होता. मी आयुष्यात बरेच नाताळ केले. बाळ जन्मलं म्हणजे काय, ते मला परवा कळलं.

वडीलपणाचं काय, ते मंडळी ठरवील. मी त्यात बोलणार नाही.

येत्या शनिवारी, तीन तारखेला, मी आणि तुझी आई उंबरमाळीला येतो. मी कुडाच्या कुंपणाबाहेर थांबेन. तू आत बोलव म्हणून येत नाही. तुला जे बोलायचं असेल ते ऐकायला येतो. काही न बोलता परत पाठवलंस तरी मी समजेन, आणि पुन्हा येईन.

मी तुझा कोण, ते लिहायचा हक्क माझ्याकडे आहे की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणून नुसतं नाव लिहितो.

म्हादू


उंबरमाळी, ता. शहापूर
५ जानेवारी २०२६

गोजर आजी,

सलाम. हे पत्र रंभाकाकी तुला वाचून दाखवेल. तिला सांग, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

बाबांचं पत्र गुरुवारी आलं. मी तेव्हा अंगणवाडीत होते. इथे मी सहा वर्षांपासून मदतनीस आहे, मुलांची खिचडी करते. पाकिटावरचं अक्षर बघितलं आणि खिचडी तळाला लागली. सहा वर्षांत पहिल्यांदा लागली. पत्र घरी नेऊन संध्याकाळी वाचलं. मंगळीमावशीने विचारलं, "काय म्हनतो?" मी म्हटलं, "शनिवारी येतो म्हनतो." ती म्हणाली, "येऊ दे. पाटा धुवून ठेवते, मसाला वाटाय लागंल."

आजी, मी ठरवलं होतं की दार उघडायचंच नाही. नऊ वर्षं रोज मनात जे बोलत आले, ते त्याला कळूच द्यायचं नाही. हीच शिक्षा.

शनिवारी दहा वाजता ते आले. आई सरळ आत आली, नेहाला घेऊन मागच्या अंगणात गेली. बाबा कुडाबाहेर उभे राहिले, टोपी हातात घेऊन. केवढे वाळलेत गं. मी ओसरीवर भाजी निवडत बसले होते. अर्धा तास गेला असेल. ते हलले नाहीत, खोकलेसुद्धा नाहीत. मग मीच उठले आणि कुडापाशी गेले.

मी सगळं सांगितलं. वैशाखात नेहा झाली तेव्हा दोन दिवस मी कशी तळमळले. मला डोलीत घालून रस्त्यापर्यंत न्यायला मावशीने एकटीने कशी माणसं गोळा केली. शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, आणि मागच्या बाया काय म्हणाल्या. किती वेळ बोलले कोणास ठाऊक. आवाज चढला तेव्हा शेजारची माणसं बाहेर आली, तरी मी थांबले नाही. मला एकच भीती होती. ते म्हणतील, देवाची इच्छा होती, पोरी. तसं म्हणाले असते ना, तर मी तिथूनच मागे फिरले असते आणि पुन्हा तोंड बघितलं नसतं.

ते म्हणाले नाहीत. मी थांबल्यावर म्हणाले, "आनखी हाय?"

मी म्हटलं, "हाय. पन आज एवढंच."

"चुकलो गो बाय," म्हणाले. "देवाचं नाव घेऊन चुकलो. ते जास्त वाईट."

तेवढ्यात नेहा धावत आली. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, "ह्ये कोन?"

बाबांनी मान खाली घातली. ते उत्तर मागत नव्हते, ते मला दिसलं. म्हणूनच देता आलं. मी म्हटलं, "हा माझा बाप."

नेहा म्हणाली, "मंग माझा आजा," आणि डाव्या हाताने त्यांची टोपी घेऊन स्वतःच्या डोक्यावर घातली. आतून मावशी ओरडली, "झालं असलं बोलून तर हात धुवा, भात निवतोय." बाबा कुडातून आत येऊ लागले. मी कोपराला धरलं.

आता तुला सांगायचं ते सांगते. लोकांना वाटत असेल, वर्षा देवाला विसरली. मी नऊ वर्षं कुठल्या प्रार्थनाघरात गेले नाही, खरं आहे. पण त्या बाळाचं आणखी एक नाव आहे, ते बाबांच्या चारांत येत नाही. इम्मानुएल. म्हणजे देव आमच्यासंगे. नेहा झाली त्या दिवसांत माझ्याजवळ मावशी होती आणि हे एक नाव होतं. मी श्वासागणिक तेच म्हणत होते. ते बाळ पोटात असताना त्याच्या आईकडेही लोकांनी असंच बघितलं असेल ना? त्याने जन्मायला तीच आई निवडली. राजवाड्यातली निवडली नाही. माझ्यासारखीला कोणी बोलावलं नाही, पण तो आधीच माझ्या बाजूला येऊन उभा होता. हे मला कोणी वचनात सांगितलं नाही. मला ते अंगावर कळलं.

म्हणून मी येते आहे. अठरा तारखेच्या रविवारी, नेहाला घेऊन. बाबांना मी सांगितलंय, मागे बसणार नाही आणि मान खाली घालणार नाही. पुढच्या रांगेत तुझ्याशेजारी बसेन. साक्षीची वेळ आली की उभी राहीन. माफी मागायला नाही. देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगायला, त्या वाडीत जिथे हंडा ठेवून मी निघाले होते. बाबा म्हणाले, "मी वडील असेन नसेन, तू बोल. मी खाली बसून ऐकतो."

तू मला पहिल्यांदा हातावर घेतलंस तेव्हा मी ओरडले की नाही, मला माहीत नाही. यंदा ओरडणार आहे. कान तयार ठेव.

म्हादूची आणि हौशीची थोरली, मंगळीच्या घरची, नेहाची आई,

वर्षा