डोळे उघडे येणारा कॅमेरा

आप्पा,

काल तुमच्या नातीला कॅमेरा घेऊन दिला. अगदी साधा, खिशात मावणारा, आपण घेतला होता तसलाच. कॉलेजातल्या मुलींमध्ये म्हणे आता त्याची फॅशन आहे. फोनमध्ये सगळे गुळगुळीत दिसतात, यात खरे दिसतात, असं तिचं म्हणणं. आपण जे मोठं परवडत नाही म्हणून घेत होतो ते ही मुलं आता हौस म्हणून घेतात, आणि तेही वापरलेलं. इथे खारघरमध्येच एका गाळ्यात एक जण जुने कॅमेरे विकतो. ती एकेक कॅमेरा हातात घेऊन बटणं दाबत होती, बजेट थोडं वाढेल का म्हणून माझ्याकडे बघत होती, आणि मी काउंटरला टेकून मनातल्या मनात तुमच्याशी बोलत होते. दुकानदाराला वाटलं, बाईंना किंमत पटत नाही. त्याने आपणहून थोडे कमी केले.

आपल्या घरात तुमचे डोळे हा चेष्टेचा विषय होता. कामाच्या ओळखपत्रावर मिटलेले, काकाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत मिटलेले, देवळाच्या पायरीवरच्या फोटोत मिटलेले. कांदा-बटाटा मार्केटात दिवसभर पाठीवर पोती वाहणारा माणूस फ्लॅश उडाला की लहान मुलासारखा डोळे मिटायचा. आई म्हणायची, "ह्यांचा फोटू म्हंजी झोपल्यावर काढल्यागत." तुम्हीही हसायचात. पण माझ्या साखरपुड्याचा रोल धुऊन आला आणि त्यातल्या एकाही फोटोत तुमचे डोळे उघडे नव्हते, तेव्हा तुम्ही हसला नाहीत. अल्बम खाली ठेवलात, तंबाखू मळलीत आणि म्हणालात, "लग्नात तरी बाप पोरीकडं बघतूय असं दिसाया पायजे." मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते. लग्नाआधी डिजिटल कॅमेरा घ्यायचा, हे मी त्याच वेळी ठरवलं.

वाशीच्या दुकानात जाताना तुम्ही आंघोळ करून पांढरा शर्ट घातला होता, तरी कांद्याचा वास थोडा होताच. माझ्या पगारात बसतील असे तीनच कॅमेरे. सेल्समन मेगापिक्सेल, झूम, मेमरी कार्ड असं भराभर सांगतोय, मी कळल्यासारखी मान हलवतेय, आणि तुम्ही मध्येच म्हणता, "ते ऱ्हाऊ द्या. माझं डोळं उघडं येत्यात का त्येवढं बघा." आणि वॉशिंग मशिनच्या रांगेपुढे हात सरळ सोडून उभे राहता. पहिल्या कॅमेऱ्यात डोळे मिटलेले. दुसऱ्यात मिटलेले. "काका, टेन्शन नका घेऊ, नॉर्मल बघा ना," तो म्हणतो आणि तुम्ही नॉर्मल बघता, आणि पुन्हा मिटलेले. मिक्सर बघायला आलेली एक बाई मिक्सर सोडून आपल्याकडे बघत उभी राहिली होती. शेवटी त्याने फ्लॅश बंद केला. डोळे उघडे आले, पण सगळा फोटो हललेला. तुम्ही स्क्रीन नाकाजवळ नेलीत. "डोळं हायती, पर माणूस कुठं हाय?" मी हसून हसून खाली बसले. मला बारीक चपटा कॅमेरा आवडला होता, पण त्याची बॅटरी वेगळी होती. तुम्ही पेन्सिल सेलवर चालणारा जाडा कॅमेरा तळहातावर तोलून पाहिलात. "ह्यो घे. सेल गावाकडं बी मिळत्यात. आन् डोळं मिटलं तर परत काढू की." रोलच्या काळात 'परत' नव्हतंच. तुम्हाला त्या कॅमेऱ्यातलं तेवढंच आवडलं होतं, आणि खरं सांगायचं तर घ्यायचं कारणही तेवढंच होतं.

लग्नाला अवकाश होता. दुपारी तुम्ही कोपरखैरण्याच्या घरी आलात की चहाच्या आधी फोटो. तुम्ही अगदी मनावर घेतलं होतंत. भिंतीला टेकून बसायचात आणि डोळे असे ताणून धरायचात की आई आतून विचारायची, "अवो, कुणी पोतं पळवलं काय तुमचं?" डोळे उघडे यायला लागले, पण तुमचंच समाधान होईना. "ह्यो मी न्हाय," म्हणायचात आणि फोटो पुसून टाकायचात. कॅमेऱ्यातलं दुसरं काही तुम्हाला जमलं नाही, पुसणं मात्र दोन दिवसांत जमलं. मीही म्हटलं, पुसू देत. लग्नात नीट काढू, आता काय रोल संपणार आहे थोडाच.

लग्नात कॅमेरा मावसभावाकडे दिला होता. कन्यादानाच्या वेळी त्याने सेल संपेपर्यंत फोटो काढले. सगळ्यांत तुम्ही आहात, फेटा आहे, माझा हात तुमच्या हातात आहे, आणि डोळे मिटलेले. पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा तुम्हीच कॅमेरा काढून मला ते एकेक दाखवलेत. वाईट वाटलं होतं तुम्हाला, कळत होतं. "बघतच हुतो गं मी," म्हणालात, "सारखं बघत हुतो." मी म्हटलं, "आप्पा, मला माहितीय. मी पण बघत होते की." मग तुम्ही कॅमेरा फडक्याने पुसून डब्यात ठेवलात आणि आईला चहा टाकायला सांगितलंत.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. फ्रेमवाल्याकडे आम्ही लग्नातलाच एक फोटो नेला, दुसरा चांगला होताच कुठे? तो म्हणाला, "कॉम्प्युटरवर डोळे उघडून देतो, कुणाला कळणार पण नाही." आईने फोटो परत पिशवीत टाकला. "परक्याचं डोळं नकोत मला घरात." तिची समजूत घालून, डोळे आहेत तसेच ठेवून, चेहऱ्यापुरता फ्रेम करायला लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, देवाला हात जोडताना काढलाय. आम्ही तसं वाटू देतो. आई गावी राहायला गेली तेव्हा फ्रेम माझ्याकडे आली.

काल संध्याकाळी मी लेकीला हे सगळं सांगितलं. ती खूप हसली, वॉशिंग मशिनचं तर दोनदा सांगायला लावलं. मग उठली, भिंतीवरचा तुमचा फोटो फोनमध्ये घेतला, काहीतरी केलं आणि माझ्यासमोर धरला. माझा चहा गाळून होईपर्यंत झालंसुद्धा. तुम्ही उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतात. शांत, थोडे ओलसर, चांगले डोळे होते. "आई, असेच होते का गं आजोबांचे?" तिने विचारलं. नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि तशीच बघत राहिले. तुमचा आवाज आठवतो, मानेवरचा पोत्याचा घट्टा आठवतो, तंबाखू मळताना अंगठा कसा फिरायचा ते आठवतं. डोळे आठवेनात. काळे होते की तपकिरी, तेसुद्धा नाही. आईला फोन केला असता तर तिने एका दमात सांगितलं असतं. पण बापाचे डोळे कसे होते, हे कुठल्या तोंडाने विचारायचं?

हे कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिते. मी तिला म्हटलं, हो, असेच होते.