दोन गोळ्यांचं भांडण

प्रिय विसरभोळ्या नातीस,

आजी नावाचं एक माणूस अजून या घरात आहे, आठवतंय का? अंगाने बुटकी, जिभेने लांब. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगतेय आणि तुझी आई लिहितेय, तेही गाल फुगवून. कारण सोमवारपासून मी गोळ्या बंद केल्यात. प्रेशरची आणि हाडांची, दोन्ही.

मागे सुट्टीत नस कशी आवळते ते तू माझ्या परकराची नाडी ओढून दाखवलं होतंस. नसेच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, आम्ल वाढलं की बहुतेक सैल पडतात. प्रयोगशाळेत नसेच्या कड्या कोमट खाऱ्या पाण्यात टांगून तू हेच बघत बसतेस. मी लगेच लिंबू मागितलं, तर हसून लोळलीस. लिंबाने रक्त आंबट होत नाही गं, म्हणालीस. बघ, माझ्या सगळं लक्षात आहे.

आता डॉक्टर म्हणतात, प्रेशरची गोळी कॅल्शियमला त्या स्नायूंत शिरू देत नाही. बरं. मग हाडांसाठी त्याच कॅल्शियमची गोळी कशाला? एकीने दार लावायचं आणि दुसरीने पाहुणे गोळा करून आणायचे! विचारलं, तर म्हणाले, आजी, तुम्ही फक्त घ्या. औषधवाल्याने डबीवरची अक्षरं नाकासमोर धरली, जशी काही मी चष्माच विसरले होते. तुझ्या आईला विचारलं, तर ती डॉक्टरांना विचारा म्हणते. नुसती फिरवाफिरवी! डोकं उठलंय माझं.

तुझ्या आजोबांनाही प्रेशरचीच गोळी होती. ती आत जाऊन काय करते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. डोकं दुखायचं थांबलं तशी त्यांनी ती सोडून दिली. आता बरं वाटतंय, म्हणायचे. हातातून कप सुटला त्या सकाळपर्यंत बरंच वाटत होतं त्यांना. तुझी आई इथे लिहायची थांबलीये. लिही गं, लिही. मला न कळता गिळायचं नाही, आणि न कळता कायमचं सोडायचंही नाही. म्हणून तू फोन कर, आईला नको, मला. या दोन गोळ्या एकमेकींचं काम बिघडवतात का, एवढं नाडी ओढून सांगितलंस तसं सांग. तुझ्यासमोर गिळते. आणि सुकी अंजिरं पाठव, पण दाबून बघून घे. मागची फोडायला हातोडी लागली होती.

तुझीच, नसा आवळून बसलेली,
आजी