दीड स्टारची कंपनी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊला एम.डीं.नी केबिनमध्ये बोलावलं. घाबरलो वगैरे नाही. पाणी प्यायलो, परत थोडं प्यायलो, मग गेलो. केबिनमध्ये एसी फार असतो, तरी रुमाल सोबत घेतला.

एम.डी. म्हणजे आमचे कंदसामी सार. त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. नोकऱ्यांच्या वेबसाइटवर आमच्या थेंड्रल पंप्सला पाचपैकी एक पूर्णांक नऊ दशांश स्टार, खाली निनावी तक्रारी. वर्षभरात चौदा इंजिनियर सोडून गेले. सगळ्या कोइमतूरमध्ये पंपांचे कारखाने. पोरं सगळीकडे जातात, आमच्याकडे सोडून. सार म्हणाले, "तंगवेलू, अठ्ठावीसला कॉलेजात मुलाखती आहेत. मला वीस पोरं हवीत. आणि ही घाण लिहिणारा कोण, त्याचं नाव हवं."

म्हटलं, "होऊन जाईल सार."

संकल्प: अठ्ठावीसपर्यंत चार स्टार. एकोणीस वर्षं एच.आर. सांभाळतोय. माणसं मला कळतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

सूचनापेटी बसवली. गेटपाशी, कॅमेऱ्याखाली, म्हणजे सुरक्षित. पाटी स्वतः रंगवून घेतली: 'न घाबरता लिहा. नाव व विभाग लिहिणे बंधनकारक.'

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पेटी उघडली. एकच चिठ्ठी, तीही निनावी. 'पेटीला कुलूप आहे. बायकांच्या टॉयलेटला कडी नाही.'

सारांना दाखवली. ते म्हणाले, अक्षर ओळख. कडीबद्दल काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. एका वेळी एकच काम करावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सर्वेक्षण केलं. 'आपण येथे आनंदी आहात का?' फॉर्म स्वतः वाटले, भरून होईपर्यंत प्रत्येकाच्या मागे उभा राहिलो. दोनशे बारापैकी दोनशे बारा आनंदी! कागदोपत्री पुरावाच झाला.

फक्त डिझाइनमधली मलरविळी म्हणाली, "सार, हा फॉर्म चहाच्या वेळेत भरायचा ना? कामाच्या वेळेत आनंदी दिसलो तर मेमो येईल." हुशार मुलगी, सात वर्षं आहे. आजूबाजूचे हसले, आणि मी पाहिल्याबरोबर थांबले. शिस्त आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तैपूसमची, म्हणजे मुरुगनच्या सणाची सुट्टी. बायकोला, कोकिलाला घेऊन मरुदमलैच्या देवळात गेलो. रांगेत असताना सारांचे तीन फोन आले. मुरुगनसमोर पोचलो तेव्हा मनात दुसरं काही येईना, म्हणून चार स्टार मागितले. कोकिला म्हणाली, "अहो, मुलीच्या नोकरीचं मागितलंत ना?" आमची निलवू यंदा शेवटच्या वर्षाला आहे, मुलाखती आहेत त्याच कॉलेजात. म्हटलं, मागितलं. सगळं एकच आहे शेवटी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी चाळीस जणांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवून पाच-पाच स्टारचे अभिप्राय लिहून घेतले. मजकूर मीच दिला: 'ही कंपनी नसून कुटुंब आहे.'

संध्याकाळी पाच वाजता वेबसाइटने चाळीसच्या चाळीस काढून टाकले. एकाच जागेवरून आले म्हणे. वर शिक्षा म्हणून की काय, आता दीड स्टार दिसतोय. तांत्रिक अडचण असणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नवा अभिप्राय. निनावी. जसाच्या तसा उतरवून ठेवतो:

'माझे वडील आयसीयूत होते. एच.आर.ने सुट्टीसाठी डॉक्टरांचं पत्र आणायला सांगितलं. मी पत्र आणलं. त्यावर शिक्का नव्हता, म्हणून परत पाठवलं. शिक्का घेऊन येईपर्यंत वडील गेले होते. मग एच.आर.ने विचारलं, आता ही सुट्टी आजारपणाची लावायची की मृत्यूची?'

असं कोण विचारेल? मी नाही विचारणार. अर्थात एच.आर.मध्ये मी एकटाच आहे.

मलरविळीचे वडील जुलैत वारले.

जेवण गेलं नाही. बाहेर ऊन फार आहे हल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सारांनी वाचलं. ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत तेव्हा जास्त... असो. म्हणाले, "उद्या नाव."

संकल्प: नाव सांगायचं नाही. ठाम. 'सार, हे बरोबर नाही' असं आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं. आवाज छान लागला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सारांनी विचारलंसुद्धा नाही. फक्त मान वर करून पाहिलं. मी "मलरविळी" म्हटलं.

म्हणजे मी तिचं नाव एक उदाहरण म्हणून घेतलं होतं. पुढे बोलणार होतो, पण त्यांनी फोन उचलला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं. मलरविळीने उभ्याउभ्या वाचलं. डिझाइन सेक्शनमध्ये बावीस माणसं, एकानेही मान वर केली नाही.

गेटपर्यंत सोडायला गेलो, नियम आहे. तिच्या हातात डबा आणि एक तुळशीची कुंडी. म्हणाली, "मी नाही लिहिलं सार. लिहायची हिंमत असती तर जुलैतच गेले असते." मग म्हणाली, "पण तुम्ही विचारलं होतंत, हे खरं आहे. मृत्यूची लावा, म्हणाले होते मी."

लेकीला म्हणतो तसं म्हटलं, "काळजी घे अम्मा." ती रिक्षात बसली. कुंडी मांडीवर.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दार लावून रजेच्या फायली काढल्या. तिने नाही, तर कोणी?

गेल्या दोन वर्षांत वडील किंवा आई आयसीयूत असलेले अर्ज: सहा. सहाही अर्जांवर लाल पेनाने 'शिक्का नाही. परत.' अक्षर ओळखायला मात्र वेळ लागला नाही.

सहापैकी पाच जण अजून इथेच कामाला आहेत. रोज सकाळी मला "वणक्कम सार" म्हणतात. उद्यापासून कँटीनमध्ये बसू नये. डबा टेबलावरच खाईन, वेळही वाचेल.

सारांना सांगावं का, की नाव चुकीचं होतं? सांगितलं तर ते खरं नाव मागतील. म्हणून नाही सांगितलं. एका अर्थी पाच जणांना वाचवलं मी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मलरविळीला गणपती भागातल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, पाच दिवसांत. आज डिझाइनमधल्या सात जणांनी राजीनामे दिले. कारण सगळ्यांचं सारखं: 'वैयक्तिक'. सातही पत्रं एकदम टेबलावर ठेवून गेले. मला उगाच वाटलं की आता कोणीतरी आतून दार लावून मला जाब विचारणार.

सारांनी विचारलं, "हे काय चाललंय?" म्हटलं, "नव्या रक्ताला जागा होतेय सार."

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

कॉलेज. नवा शर्ट. हॉलमध्ये दीडशे खुर्च्या, स्क्रीनवर 'थेंड्रल: एक कुटुंब'. दहाची वेळ. साडेदहापर्यंत कोणी नाही. पावणेअकराला प्लेसमेंटचे प्राध्यापक आले आणि कॉफी पाजून म्हणाले, "मुलांनी नावंच नोंदवली नाहीत सार. जबरदस्ती कशी करणार?"

शेजारी दुसऱ्या कंपनीच्या हॉलमध्ये मात्र खिडक्यांपर्यंत गर्दी. त्या रांगेत निलवू दिसली. तिला बाजूला बोलावलं. विचारलं, आमच्या कंपनीबद्दल इथे अफवा कोण पसरवतंय? वेबसाइट वाचतात का पोरं?

ती म्हणाली, "वेबसाइट कोण वाचतं अप्पा? हॉस्टेलच्या मुली मलाच विचारायच्या, तुझे अप्पा आहेत ना तिथे, कशी आहे कंपनी?"

"मग काय सांगितलंस?"

"वाईट काही नाही. एवढंच सांगितलं, की तिथून फोन आला की अप्पा जेवता जेवता उभे राहतात. उष्ट्या हाताने. फोन ठेवला तरी बराच वेळ बसत नाहीत."

मी म्हटलं, ते आदरापोटी. ती म्हणाली, "हो अप्पा." आणि माझी कॉलर नीट केली. मग तिचं नाव पुकारलं, ती गेली.

३ मार्च, सोमवार

सारांनी सांगितलं, एच.आर. मॅनेजरच्या जागेची जाहिरात दे. विचारलं, माझ्या हाताखाली का सार? म्हणाले, "तुझ्या जागी."

जाहिरात मीच लिहिली. मनापासून लिहिली. 'उत्साही वातावरण, आपुलकीचे वरिष्ठ.' एकोणीस वर्षांचा अनुभव कामी आला. पाठवायचं बटण दाबायला पाऊण तास लागला. इंटरनेट सुरळीत होतं.

कोकिलाला सांगितलेलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

जाहिरातीची मुदत संपली. पेपर, वेबसाइट, दोन एजन्सी. आलेले अर्ज: शून्य.

सारांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, "तोपर्यंत तूच बघ." नोकरी राहिली! माणसं उगाच घाबरतात.

घरी येऊन सगळं सांगून टाकलं. कोकिलाने देवाला हात जोडले. निलवूने विचारलं, "एकही अर्ज नाही? तुम्हीसुद्धा केला नाहीत?"

म्हटलं, मी कशाला करू, मी तर आहेच तिथे.

खरं म्हणजे करायला घेतला होता. बुधवारी दुपारी फॉर्म उघडला. नाव, वय, अनुभव, सगळं भरलं. 'आपल्याला या कंपनीत का काम करायचे आहे?' त्या रकान्यापाशी ऑफिस सुटेपर्यंत बसलो, मग फॉर्म तसाच बंद केला.