भिंतीपलीकडचा बंडखोर

सूनबाई,

मी शेजारी धाकट्याकडे चाललोय. हो, माझ्याच भावाकडे. आधी नीट बस आणि मग पुढचं वाच.

काल यादवी युद्धाच्या त्या मालिकेत आमच्या राजाचा किल्ला पडला. तू आणि तुझा नवरा बंडखोरांचे, त्यामुळे दोघं सोफ्यावर नाचलात, ते मी सोडून दिलं. पण तेवढ्यात भिंतीपलीकडूनही टाळी ऐकू आली. ती टाळी मी ओळखतो. लहानपणी मला पत्त्यांत हरवलं की तो अशीच वाजवायचा. म्हणजे इतके दिवस तोही पलीकडे बसून हेच बघतोय, आणि वर बंडखोरांना सामील आहे. आमचा अबोला असला म्हणून काय मी हेही ऐकून घ्यायचं?

आज शेवटचा भाग. तो मी धाकट्याच्या शेजारी बसून बघणार आणि राजाचं काहीच चुकलं नाही हे त्याला तोंडावर सांगणार. एकट्याने पुढचा भाग बघायचा नाही, हा आपल्या घरातला नियम काही मोडत नाहीये.

माझी खुर्ची सोबत नेतोय. त्या घरात राजाच्या माणसाला बसायला कोण देणार? रात्रीची औषधाची गोळी खिशात घेतली आहे.

स्वयंपाक जरा जास्त कर. भिंतीवर दोन थापा पडल्या की समज तह झाला, आम्ही दोघं जेवायला येतोय. नाहीच पडल्या, तर खुर्ची आणायला नवऱ्याला पाठव. जाताना रागाच्या भरात उचलली जाते, येताना मला एकट्याला जमायची नाही.

— बाबा