रिंग जाते आहे

३ मार्च
संकल्प : जहाजावर इंटरनेट फोन लागायला अकरा सेकंद लागतात. महिनाअखेर तीनवर आणणार. रिंग वाजण्याआधी दोन्हीकडच्या मशीनमध्ये सात निरोप होतात आणि प्रत्येक निरोप उपग्रहापर्यंत चढून खाली उतरतो. तोवर कानात शुकशुकाट. लोक वैतागून फोन ठेवतात. सातचे दोन करायचे. सोपं आहे. शिवाय घरचंच कार्य. दादा जहाजावर आचारी, बाबा त्याला रोज फोन लावतात.

११ मार्च
सातचे सहा झाले. श्रीगणेशा महत्त्वाचा.

१९ मार्च
साहेबांनी विचारलं, कुठवर आलं? ‘जवळजवळ’ म्हणालो. अजून सहाच.

२४ मार्च
सुचलं! नंबर दाबताच आपल्याच मशीनने रिंग ऐकवायची. पलीकडे लागेल तेव्हा लागेल. टेस्टिंगवाल्या बाई म्हणाल्या, ही फसवणूक झाली. लागलाच नाही तर? म्हटलं, याला मानसशास्त्र म्हणतात.

३१ मार्च
डेमो. एका सेकंदात रिंग. टाळ्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि आजपासूनच सगळ्यांच्या फोनवर चालू केलं. बाई टाळ्या न वाजवता उठून गेल्या. मत्सर.

६ एप्रिल, संध्याकाळी
बाबांनी स्पीकर लावून दादाला फोन केला. वीस रिंग. उचलला नाही. कामात असेल, म्हणालो.

७ एप्रिल
ऑफिसात नोंद पाहिली. तिकडे सिग्नल नाही, कॉल जहाजापर्यंत पोचलाच नव्हता. रिंग आमचीच. आज सांगतो.

९ एप्रिल
आजही वीस रिंग, मी शेजारीच. बाबा म्हणाले, निघताना मी त्याला टाकून बोललो होतो, ते त्याने मनात धरलंय. मी पेपरात डोकं घातलं. एकदम सांगितलं तर त्यांना धक्का बसेल. उद्या.

१२ एप्रिल
बाबांनी फोन लावणंच सोडलं. आता सांगायची गरज उरली नाही, असं वाटलं. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल
दादाचा बंदरातून मला फोन, स्पीकरवर. विचारत होता, बाबा अजून रागावलेत का? आठवडाभर एक फोन नाही. बाबा म्हणाले, मी तर लावत होतो, रिंग जात होती. मग सगळं सांगितलं. मानसशास्त्र हा शब्द तोंडातून निघेना. बाबांनी एवढंच विचारलं, “म्हणजे वाजत नाही हे माहीत असून तू माझ्या शेजारी बसून ऐकत होतास?”
हो म्हणालो.

१६ एप्रिल
साहेबांना सांगून खोटी रिंग काढली. साहेब आता बोलत नाहीत. फोन लागायला साडेनऊ सेकंद.
संध्याकाळी बाबांनी दादाला फोन लावायला घेतला. मी नेहमीप्रमाणे शेजारी बसलो.
म्हणाले, तू जरा बाहेर थांब.