दुमडलेलं पान

घरच्या मालकीणबाईंना दूरच्या भाडेकरूचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला गेला. नवा फोरमन आलाय, तोही बरा आहे. आईचे गुडघे काय म्हणतात?

रविवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जुना सिनेमा दाखवला, आपण लग्नानंतर पाहिलेला तोच. नवरा परत येईपर्यंत बायको बारा वर्षं दारात उभी. तेव्हा मी रडलो होतो आणि तू हसली होतीस. या वेळी मला वाटलं, अरे, तिला कुणीतरी बस तरी म्हणा!

तू पाठवलेली कादंबरीही वाचतोय. इथे सगळे ती मागतात, पण मी कुणाला देत नाही. नायिका घर सोडायला बॅग भरते, नेमक्या त्या पानाचा कोपरा दुमडलाय. तू तर खुणेला दोरा ठेवतेस. मी एकदा पान दुमडलं, तर दोन दिवस अबोला धरला होतास. म्हणजे हे टपालातच दुमडलं असणार, नाही का?

तिथून पुढे मी वाचलेलं नाही. सुट्टीचा अर्ज दिलाय. ती जाते की थांबते, ते मला पुस्तकातलं नको. तुझं तू लिही.

या वेळी दारात उभा असलेला,
तुझाच